बर्फ कोसळत असताना पहिली स्की-स्नोबोर्ड सहल: नवख्या कुटुंबासाठी

रात्रीतून चाळीसेक सेंटीमीटर बर्फ पडणार असा अंदाज आला, की मुरलेल्या स्कीवाल्यांना झोप लागत नाही. सकाळी डोंगरावर नेणाऱ्या पहिल्या लिफ्टच्या रांगेत तेच उभे असतात. ते पाहून नवख्याला वाटतं, एवढा मऊ बर्फ म्हणजे आपलीही चंगळ. पडलो तरी लागणार नाही. लागत नाही, हे खरं. पण पडल्यावर उठता येत नाही, वळता येत नाही आणि थांबायची जी एकुलती एक युक्ती कालच शिकलेली असते, तीही चालत नाही.

आमच्याकडे मी आणि मुलगी स्कीवर, नवरा आणि मुलगा स्नोबोर्डवर. पहिल्या सहलीत तीन दिवस बर्फ थांबलाच नाही. तेव्हा जे फसलं आणि पुढच्या सहलींत जे जमलं, ते इथे क्रमाने सांगते. अशा सहलीचं वेळापत्रक घरातल्या सर्वांत लहान पोराची बोटं ठरवतात. ती गारठली, की दिवस संपला. खालचं बरंचसं याच गोष्टीभोवती फिरतं.

निघण्याआधी: कोण कशावर आणि शिकवणार कोण

स्की म्हणजे प्रत्येक पायाला एक लांब फळी; दोन्ही पाय सुटे आणि तोंड पुढे असतं. पहिल्या दिवशी धडपडत का होईना, सोप्या उतारावरून खाली येता येतं. खरी मेहनत पुढे सुरू होते. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले आणि अंग आडवं. पहिले दोन दिवस ढुंगणावर आणि मनगटांवर आपटण्यात जातात, मग अचानक जमायला लागतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला स्कीच द्या. स्नोबोर्ड शिकणाऱ्या प्रत्येकाला मनगटाचे गार्ड घ्या. नवख्या स्नोबोर्डवाल्यांची मनगटं मोडतात आणि स्कीवाल्यांचे गुडघे दुखावतात, अशी जुनीच वाटणी आहे.

डोंगरावरच्या स्कीच्या शाळेत शिकवणीची जागा आधीच नोंदवा. घरच्यांनी घरच्यांना शिकवायचा मोह टाळा. नवऱ्याकडून गाडी शिकलेल्या बायकांना याचं कारण सांगायला नको. शिकवणी शक्यतो सकाळची घ्या. मशिनने रात्री दाबून सपाट केलेला उतार सकाळी गुळगुळीत असतो. दुपारपर्यंत लोकांच्या वळणांनी त्याचे ढिगारे आणि खड्डे होतात आणि नवखा पाय नेमका त्यातच अडकतो.

विमा काढताना दोन गोष्टी वाचून घ्या: डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च त्यात आहे का आणि आखलेल्या उताराबाहेर झालेला अपघात धरतात का.

कपडे

इथे कंजूषी करू नका आणि घाईही करू नका. अंगाला लागून मेरिनो लोकरीचा किंवा सिंथेटिक थर, त्यावर फ्लीस, सर्वांत वर पाणी न झिरपणारं जाकीट आणि पँट. सुती बनियन, सुती मोजे, जीन्स यांतलं काही नको. सुती कापड घाम पितं, ओलं होऊन अंगाला चिकटतं आणि लिफ्टवर बसल्या बसल्या हुडहुडी भरते. जाकिटावर १०,००० मिमी असा आकडा दिसेल. कापड किती उंच पाण्याचा दाब सोसतं त्याचं ते माप आहे. दिवसभर बर्फ पडणार असेल तर याहून कमी घेऊ नका, कारण ओल्या खुर्चीवर दहा मिनिटं बसलं, की सर्वांत आधी पाणी पँटच्या बुडातूनच आत येतं. जाकिटाच्या आत कमरेशी लवचिक पट्टा असतो, तो लावा. तो न लावता खोल बर्फात पडलात, तर पाठीवर बर्फ कुठवर चढतो ते कळेलच.

पायमोजे एकच जोड, पातळ आणि गुडघ्यापर्यंत. थंडी वाजेल म्हणून दोन घातले, तर बुटात चुण्या पडतात, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गारठतात. गळ्याला मफलर नको. लोंबणारं टोक लिफ्टमध्ये अडकतं. नळीसारखा नेकवॉर्मर बरा.

आता हात. लहान मुलांना बोटांचे हातमोजे न देता चारही बोटं एकत्र राहतात असे मिटन द्या, लांब मनगटाचे आणि दोरीने अडकवता येणारे. माणशी दोन जोड, त्यातला एक कोरडा तुमच्या पाठपिशवीत. पहिल्या दिवशी आमच्या मुलीने बर्फाचा गोळा करायला मिटन काढला आणि तोंड वर करून शेजारी ठेवला. गोळा होईपर्यंत आत चमचाभर भुरभुरीत बर्फ साठला होता. तिने तसाच हात घातला. आतला बर्फ विरघळून अस्तराने शोषला आणि वीस मिनिटांत ती रडायला लागली. दुसरा जोड गाडीत होता, गाडी खाली पार्किंगमध्ये. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि आमचा दिवस तिथेच आटोपला. मिटन काढलाच तर तो जाकिटाच्या आत, पोटाशी ठेवायचा, हे आमच्या घरात आता सगळ्यांना पाठ आहे.

गॉगलची काच उन्हासाठी असते तशी काळी घेऊ नका. काचांना ० ते ४ असे वर्ग असतात. ढगाळ, बर्फाळ दिवसाला १ नंबरची काच हवी, जी ४३ ते ८० टक्के उजेड आत सोडते. गॉगल कपाळावर चढवून ठेवू नका, घामाने आतून धुरकट होतो. आतून बोटाने पुसू नका, वाफ न धरणारा लेप निघून जातो. ढगाळ असलं तरी सनस्क्रीन लावा. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो आणि दर हजार मीटर उंचीमागे ही किरणं साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. नाकपुड्यांच्या खाली आणि हनुवटीच्या आतल्या बाजूलाही लावा; उजेड खालून येतो.

भाड्याचं सामान

बूट सोडून बाकी कशावर फार डोकं चालवू नका. स्कीचा बूट पायाच्या सेंटीमीटरमधल्या लांबीवरून मोजतात. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे हलकासा टेकला पाहिजे आणि गुडघा वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर रेलली, की अंगठा मागे सरकून सुटा झाला पाहिजे. टाच वर उचलली जात असेल तर बूट मोठा आहे. नवख्यांना मोठा बूट आरामशीर वाटतो आणि ते तोच घेतात. मग दिवसभर बोटं आवळून पाय धरून ठेवावा लागतो आणि पोटरीत गोळे येतात.

काउंटरवर वजन, उंची, वय आणि किती येतं ते विचारतात. वजन चोरू नका. बाइंडिंग म्हणजे बूट फळीला धरून ठेवणारी पकड; पडल्यावर तिने बूट किती जोरात सोडायचा, तो आकडा या उत्तरांवर आणि बुटाच्या तळव्याच्या लांबीवर ठरतो. आकडा चुकला तर एक तर स्की चालता चालता निसटते किंवा सुटायची तेव्हा सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो.

स्कीची लांबी नवख्याला हनुवटीच्या आसपास पुरे, लहान मुलांना छातीपर्यंतही चालते. स्नोबोर्ड हनुवटी आणि नाक यांच्या मध्ये. डावा पाय पुढे ठेवणाऱ्याला रेग्युलर म्हणतात, उजवा ठेवणाऱ्याला गूफी. आपला कोणता ते कळत नसेल तर मोजे घालून गुळगुळीत फरशीवर धावत जाऊन घसरा; जो पाय आपोआप पुढे जातो तो पुढचा. बर्फ खूप असेल तर स्नोबोर्डची दोन्ही बाइंडिंगं एखाद्या भोकाने मागे सरकवून घ्या, फळीचं नाक वर राहतं. हेल्मेट सगळ्यांना, मोठ्यांनाही. आत ईएन १०७७ किंवा एएसटीएम एफ २०४० असं मानक छापलेलं असतं. गॉगलची वरची कड आणि हेल्मेट यांच्यात फट राहू देऊ नका, कपाळावर तेवढीच पट्टी गारठते आणि डोकं दुखतं.

तिथवरचा रस्ता

टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असेल, तर तो कडाक्याच्या बर्फातल्या रस्त्यांसाठी तपासलेला टायर. साधा टायर सात अंशांच्या खाली ताठर होतो आणि पकड सोडतो. टायरवर चढवायच्या साखळ्या घेतल्या असतील तर घराच्या अंगणात, कोरड्यात, एकदा लावून बघा. काळोखात, ओल्या हातमोज्यांनी, मागून हॉर्न वाजत असताना पहिल्यांदा त्यांची गाठ सोडवायची नसते. गाडीची जी चाकं इंजिन फिरवतं त्यांनाच साखळ्या लागतात. पुढची की मागची ते आधी बघून ठेवा.

फावडं, टॉर्च, पाणी, पांघरूण जवळ ठेवा. गाडी बर्फात अडकली आणि उबेसाठी इंजिन चालू ठेवायचं असेल, तर आधी खाली उतरून धुराड्याच्या नळीभोवतीचा बर्फ उकरा आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा उकरा. नळी बुजली तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नसतो. मुलं पेंगुळली आहेत असंच वाटतं.

मुक्काम अडीच हजार मीटरच्या वर असेल तर पहिल्या दिवशी दमू नका, पाणी पीत राहा. डोकेदुखी आणि मळमळ थकव्याची समजून अंगावर काढू नका.

सकाळी: आधी नकाशा, मग लिफ्ट

पहाटे डोंगरातून धडाम् धडाम् आवाज आले तर मुलांना सांगून ठेवा, बर्फाचे सैल थर मुद्दाम स्फोट करून पाडताहेत. ते काम होईपर्यंत वरच्या लिफ्ट उघडत नाहीत. वारा जोराचा असेल तरीही बंद राहतात. नवख्यांचं यात काही बिघडत नाही, तुमचा उतार खालीच आहे.

नकाशावरच्या रंगांनी मात्र फसायला होतं. युरोपात निळा म्हणजे सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. काही देशांत निळ्याहून सोपा हिरवाही असतो. उत्तर अमेरिकेत हिरवं वर्तुळ सोपं आणि निळा चौकोन मध्यम. जपानमध्ये हिरवा सोपा, लाल मध्यम. म्हणजे एकीकडे निळ्यावर आरामात उतरलेली व्यक्ती दुसऱ्या खंडातल्या निळ्यावर रडकुंडीला येऊ शकते. शिवाय ही प्रतवारी त्या डोंगरापुरती असते आणि चांगल्या हवेतली असते. बर्फ कोसळताना प्रत्येक उतार एका रंगाने अवघड धरा.

सोप्या रंगातला, मशिनने दाबलेला आणि दोन्ही बाजूंना झाडं असलेला उतार निवडा. झाडांमुळे वारा अडतो आणि जमीन कुठे आहे ते दिसतं. तुमच्यात स्नोबोर्डवाले असतील तर नकाशात लांबलचक सपाट पट्टे कुठे आहेत ते विचारून घ्या. ताज्या बर्फात सपाटीवर स्नोबोर्ड थांबला, की थांबलाच. स्कीवाला काठ्या मारत पुढे जातो. फळीवाला एक पाय सोडवून, मांडीपर्यंत रुतत, शिव्या घालत चालतो. स्कीवाल्याने काठीचं एक टोक त्याच्या हातात देऊन ओढायचं असतं. आमच्याकडे ते माझं काम आहे आणि मी ते दर वेळी ऐकवते.

लिफ्टवर

पहिला दिवस नवख्यांना वर नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यावर काढा. खुर्चीच्या लिफ्टवर चढताना पाठपिशवी पुढे पोटाशी, काठ्या एका हातात, स्नोबोर्डवाल्याचा मागचा पाय बाइंडिंगमधून सुटा. लहान मूल मोठ्यांच्या किंवा लिफ्टवरच्या माणसाच्या बाजूला बसवा आणि बसताक्षणी खुर्चीची सुरक्षादांडी खाली ओढा. काही खाली पडलं तर पडू द्या, वाकायचं नाही. चालवणाऱ्याला आधीच सांगितलं, की आम्ही नवखे आहोत, तर तो लिफ्ट हळू करतो. लाजू नका. उतरलात, की लगेच बाजूला व्हा, मागून पुढची खुर्ची येत असते.

खोल बर्फात गेलातच तर

दाबलेल्या उताराच्या कडेला घोट्याच्या वर बर्फ साचलेला असतो आणि मुलांना नेमकं तिथेच जायचं असतं. शाळेत स्कीची टोकं जवळ आणि शेपट्या लांब करून पिझ्झाच्या तुकड्यासारखी पाचर करून थांबायला शिकवतात. खोल बर्फात ती पाचर मोडते: दोन्ही स्की आपापल्या दिशेने रुततात किंवा टोकं एकमेकांवर चढतात. तिथे पाय जवळ आणि समांतर, दोन्ही स्कीवर सारखा भार आणि थोडा वेग लागतो. वेगाची भीती वाटत असेल तर आत जाऊ नका. मागे रेलण्याचाही मोह होतो, त्याने फक्त मांड्या पेटतात. स्नोबोर्डवर भार मागच्या पायाकडे जरासा ठेवायचा आणि सरळ जात राहायचं. थांबाल तिथे रुताल.

उठताना हात बर्फावर टेकला तर कोपरापर्यंत आत जातो. दोन काठ्यांची फुली करून बर्फावर आडवी ठेवा आणि तिच्या मध्यावर तळवा दाबून उठा. आधी स्की उताराला आडव्या करून घ्या, नाहीतर उठताक्षणी निघालात. बूट परत बाइंडिंगमध्ये बसत नसेल तर बुटाच्या तळव्याला बर्फाचं ढेकूळ चिकटलेलं असतं. काठीने किंवा बाइंडिंगच्या कडेवर घासून ते पूर्ण काढा.

निसटलेली स्की शोधणं हे एक वेगळंच काम आहे. माझी एकदा गेली. पडले तिथून खालची बाजू आम्ही चौघांनी पाऊण तास उकरली, तुडवून तुडवून सगळा बर्फ घट्ट करून टाकला. शेवटी उतारावर गस्त घालणाऱ्या बचावपथकातली एक बाई आली. तिने मी नेमकी कुठे अडखळले ते विचारलं, तिथे वर चढली आणि माझ्याच दुसऱ्या स्कीची शेपटी सुरीसारखी बर्फात आडवी फिरवत खाली आली. चौथ्या-पाचव्या फेरीला खट् आवाज झाला. स्की जिथे निसटते तिथेच बहुधा बर्फाखाली अडकून राहते. घरंगळत खाली जातो तो माणूस. म्हणून पडल्यावर आधी वरची खूण लक्षात ठेवा, मग शोधा, आणि तोवर कोणालाही तिथे नाचू देऊ नका.

दिसेनासं झालं तर

ढग खाली उतरले, की आकाश आणि उतार एकाच रंगाचे होतात. चढ की उतार कळत नाही. आपण थांबलोय की सरकतोय, हेही कळत नाही आणि पोटात ढवळतं. अशा वेळी उताराच्या कडेचे खांब धरून एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत जा. मोठ्यांपैकी एक पुढे, एक शेवटी, मुलं मध्ये. थांबायचं ते कडेला, वरून येणाऱ्याला दिसेल अशा जागी. आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाच्या दहा नियमांत हे आहेच आणि त्याहून महत्त्वाचं हे, की पुढच्या माणसाला वाट द्यायची जबाबदारी मागून येणाऱ्याची असते.

भेटायची जागा सकाळीच ठरवा, ‘खाली’ असं मोघम नको. अमुक लिफ्टच्या फलकाखाली, असं. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी धडाधड उतरते. प्रत्येकाच्या जाकिटाला शिट्टी अडकवा आणि गस्तीचा नंबर मुलांच्या खिशात कागदावर लिहून द्या. कोणाला लागलं तर त्याच्या वरच्या बाजूला दोन स्की फुलीसारख्या रोवायच्या. ती खूण सगळे ओळखतात.

दोन ठिकाणी अजिबात जायचं नाही

पहिलं म्हणजे झाडांचे बुंधे. खालपर्यंत फांद्या असलेल्या झाडाभोवती बर्फ नीट साचत नाही आणि बुंध्याशी पोकळ खड्डा राहतो. वरून तो दिसत नाही. माणूस बहुतेकदा डोकं खाली आणि पाय वर असा त्यात पडतो, भुसभुशीत बर्फ अंगावर ढासळतो आणि धडपडलं, की आणखी ढासळतो. एकट्याने बाहेर पडणं जवळजवळ अशक्य, आणि श्वास कोंडायला वेळ लागत नाही. असं झालंच तर फांदी किंवा बुंधा घट्ट धरा, तोंडापुढे हाताने जागा करा, शिट्टी मारा. सोबत्याने पाय धरून ओढू नये. डोकं कुठल्या बाजूला आहे त्याचा अंदाज घेऊन बाजूने उकरत तिथे पोचावं.

दुसरं म्हणजे दोरी लावून बंद केलेला, दोरीपलीकडचा उतार. बर्फाच्या लाटा, म्हणजे हिमस्खलनं, जास्त करून ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून सुटतात आणि मोठ्या बर्फवृष्टीनंतरचा पहिला दिवस सर्वांत वाईट. धोक्याची पातळी १ ते ५ अशी जाहीर करतात. ३ म्हणजे मधली, चालून जाईल असं वाटतं, पण कितीतरी जीवघेणे अपघात त्याच पातळीवर होतात. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर वाचायची आशा चांगली असते; मदतपथक एवढ्यात पोचत नाही. बीकन (गाडलेल्याचा माग देणारं रेडिओ यंत्र), बर्फात खुपसून शोधायची सळई आणि फावडं वापरायचं प्रशिक्षण नसलेल्यांनी तिकडे पाहूही नये. दोरीपलीकडे कोणाच्या तरी वळणांच्या रेषा दिसल्या, म्हणजे तिथे जाणं सुरक्षित आहे असं होत नाही.

वेळीच थांबा आणि संध्याकाळी सुकवा

दर तासाभराने आत जाऊन मुलांची बोटं, गाल, कान हाताने तपासा. विचारू नका, तपासा. खेळात रमलेलं मूल ‘ठीक आहे’ असंच म्हणतं. गालावर पांढुरका, बधिर डाग दिसला तर त्यावर उबदार तळवा नुसता टेकवून ठेवा. चोळायचं नाही, बर्फ तर मुळीच नाही. बोटं कडक आणि मेणासारखी लागत असतील तर तो डॉक्टरचा विषय.

‘शेवटची एक फेरी’ हा शब्द आमच्याकडे बंदच आहे. पाय थकलेले, उजेड कमी, उतार उखडलेला, अशा वेळी ती फेरी मारायची नसते. लिफ्टने खाली यायची सोय असेल तर खुशाल लिफ्टने या.

खोलीवर आल्या आल्या बुटांची आतली अस्तरं उपसून उभी करा. मिटन उलटे करून हीटरपासून हातभर लांब टांगा. अगदी चिकटवून ठेवले तर चामडं आक्रसतं, नवऱ्याचा एक जोड त्यातच गेला. स्कीच्या धातूच्या कडा फडक्याने कोरड्या करा, रात्रीत गंजतात. अस्तरं सुकून परत बसवली, की बुटांची बकलं हलकीशी लावून ठेवा, नाहीतर कवच फाकलेलं राहतं आणि सकाळी पाय घालताना अर्धा तास जातो. बूट गाडीत मात्र सोडू नका. रात्रभर गोठलेल्या बुटात लहान मुलाचा पाय शिरत नाही.